जठरातला जिवाणू आणि मेंदूतला आजार

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ हे शहर वैद्यकाच्या इतिहासात प्रथम आले ते १९८० च्या दशकात. पोटातला व्रण, ज्याला आपण सरसकट अल्सर म्हणतो, तो तिखट खाण्याने किंवा काळजी करण्याने होत नसून बहुतेक वेळा एका जिवाणूमुळे होतो, असे तिथल्या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले. त्याच शहरातून २०१५ साली आणखी एक निष्कर्ष बाहेर आला. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार झालेल्या ५५० रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा तोच जिवाणू त्यांच्यात निरोगी माणसांपेक्षा कमी आढळला. म्हणजे जो जिवाणू पोटाचा शत्रू ठरला होता, तो मेंदूचा मित्र असावा की काय, अशी चर्चा सुरू झाली.

पहिल्या शोधाला २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा निष्कर्ष मात्र 'असे आढळले आहे' याच्या पुढे अजून सरकलेला नाही. जिवाणू तोच, गाव तेच, दोन्हींकडे आकडे आहेत. मग फरक कशात पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते, कारण या मेंदूच्या आजारासाठी एखादा सूक्ष्मजीव जबाबदार धरण्याची ही काही पहिली वेळ नाही.

आधी आजाराविषयी थोडेसे. मज्जातंतूवर मायलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते तसे ते आहे असे वर्गात सांगायला हरकत नाही. मात्र तारेचे वेष्टन फक्त धक्का बसू नये म्हणून असते, तर मायलिनमुळे संदेशाचा वेगही कितीतरी पटींनी वाढतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारयंत्रणा या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे पुढे घट्ट, कडक चट्टे उरतात. आजाराचे नाव या अनेक चट्ट्यांवरून पडले आहे. चट्टा कुठे पडला त्यावर लक्षणे ठरतात. कोणाला एका डोळ्याने दिसेनासे होते, कोणाचे पाय बधिर होतात, कोणाचा तोल जातो, कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेकांना तरुणपणी, विशी ते चाळिशीच्या दरम्यान पहिला झटका येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार दुपटीहून अधिक होतो. २०२० मध्ये जगभरात याचे सुमारे २८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे स्वतंत्र चित्र उभे केले. जिवंतपणी दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेले चट्टे यांची त्यांनी सांगड घातली. पण हे होते कशामुळे? याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते त्यांच्या शिष्याने, प्येर मारी यांनी, १८८४ साली देऊ केले: हा संसर्गाचा परिणाम आहे.

या उत्तराचे साल पाहा. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू दाखवला होता. १८८४ मध्ये ते कलकत्त्याला येऊन पटकीच्या जिवाणूचा पाठपुरावा करत होते. दर वर्षा-दोन वर्षांनी एखाद्या जुन्या रोगाचा जंतू सापडत होता. अशा काळात कारण न सापडलेल्या प्रत्येक रोगामागे एक जंतू दडला असणार, असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. मारी यांनी ताप येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये पुढे हा आजार दिसल्याची उदाहरणे दिली. ताप तर सगळ्यांनाच कधी ना कधी येतो, हा आक्षेप त्या उत्साहात मागे पडला.

खरी धामधूम सुरू झाली ती १९०५ नंतर. त्या वर्षी शाउडिन आणि होफमन यांनी सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा, स्क्रूसारखा पीळदार जंतू शोधला. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी तोच जंतू वेड लागून मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत दाखवला. एका पीळदार जंतूमुळे मेंदू बिघडतो हे सिद्ध झाल्यावर मेंदूच्या दुसऱ्या आजारातही तसाच जंतू शोधला जाणार हे उघड होते. १९१७ साली जर्मनीत कून आणि श्टायनर यांनी जाहीर केले की मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांचे रक्त आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव गिनीपिग व सशांना टोचल्यावर ते प्राणी आजारी पडले आणि त्यांच्यात पीळदार जंतू सापडले.

इतरांनी प्रयोग करून पाहिला. कोणाला जंतू दिसले, बहुतेकांना दिसले नाहीत. तरीही या कल्पनेच्या आधारे रुग्णांना सिफिलिसवरची आर्सेनिकची इंजेक्शने टोचली गेली. या आजाराची एक खोड अशी की झटका येतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांनी आपोआप ओसरतो. त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. आर्सेनिकलाही ते काही काळ मिळाले.

गाब्रिएल श्टायनर यांची कहाणी मात्र इथे संपत नाही. ते ज्यू असल्याने हिटलरच्या राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि ते अमेरिकेत डेट्रॉइटला गेले. जगाने त्यांचा जंतू विसरून टाकला होता, त्यांनी नाही. तो स्पष्ट दिसावा म्हणून ते चांदीचे क्षार वापरून ऊती रंगवण्याची पद्धत सुधारत राहिले आणि १९४४ साली त्यांनी अशी एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. मल्टिपल स्क्लेरॉसिसचा जंतू तिने कधीच सिद्ध झाला नाही. पण त्यांच्या नावाची ही पद्धत पुढे प्रयोगशाळांमध्ये रूढ झाली, आणि तिचा एक उपयोग आहे जठरातला पीळदार जिवाणू पाहणे! ज्या माणसाने मेंदूत नसलेला पीळदार जंतू आयुष्यभर शोधला, त्याने पोटात असलेला पीळदार जंतू पाहण्याचे साधन मागे ठेवले.

लंडनमध्ये १९३० साली याहून मोठा गाजावाजा झाला. कॅथलीन शेव्हासू या तरुण संशोधिकेने रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात एक नवा विषाणू वाढवल्याचे 'लॅन्सेट' या साप्ताहिकात प्रसिद्ध केले. तिला सर जेम्स पर्व्ह्ज-स्टुअर्ट या नामवंत मेंदूतज्ज्ञांचा पाठिंबा होता. त्यांनी त्यावरून लसही तयार केली आणि रुग्णांना टोचली. पुढे आर्नल्ड कारमायकेल यांनी काम तपासले तेव्हा तो विषाणू त्यांना मिळेना, आणि पर्व्ह्ज-स्टुअर्ट यांना आपला दावा मागे घ्यावा लागला. आशेने लांबून आलेले रुग्ण होते तसेच परत गेले. या प्रकरणानंतर बराच काळ मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि जंतू हे शब्द एकत्र उच्चारायला जबाबदार माणसे बिचकत असत असे दिसते, आणि त्यांचे काही चुकले असेही म्हणता येत नाही.

आता पोटाकडे वळू. इथली गोष्ट बरोबर उलट आहे. इथे जंतू खराखुरा होता, पण तो दिसूनही कोणी मानत नव्हते. इटलीत बित्सोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्याच्या जठरात पीळदार जिवाणू पाहिले होते. माणसाच्या जठरातही पुढे ते अनेकांना दिसले. परंतु १९५४ साली अमेरिकेत पामर यांनी हजाराहून अधिक माणसांच्या जठराचे तुकडे तपासून असे काही नसतेच असा निर्वाळा दिला. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जिवाणू नीट उठून दिसत नाहीत, हे लक्षात यायला पंचवीस वर्षे लागली. जठरातल्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, हे तर सगळ्यांना पाठच होते.

मधल्या काळात ग्रीसमधील मिसोलाँगी गावच्या योआनिस लिकुदिस या डॉक्टरांनी १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके द्यायला सुरुवात केली होती. त्यांच्याकडे रुग्णांची रीघ लागे. पण त्यांच्याकडे जंतू नव्हता आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. १९६८ मध्ये त्यांना ४,००० ड्राख्मा दंड झाला. आज आपल्याला ते बरोबर होते हे ठाऊक आहे, म्हणून हळहळ वाटते. परंतु पर्व्ह्ज-स्टुअर्ट यांच्या लसीसाठीही रुग्णांची अशीच रीघ होती. बाहेरून पाहणाऱ्याला या दोघांतला फरक कसा कळावा?

तो फरक पर्थमध्ये दिसला. रॉयल पर्थ रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जून १९७९ मध्ये, नेमके त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, जठराच्या एका नमुन्यात पीळदार जिवाणूंचा थर दिसला. खात्रीसाठी त्यांनी चांदीच्या क्षाराचा रंग वापरला. ती पद्धतही मुळात सिफिलिसच्या जंतूसाठीच तयार झालेली होती. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी १०० रुग्णांची दुर्बिणीने तपासणी करून नमुने घेतले. पहिल्या तीसेक नमुन्यांतून प्रयोगशाळेत काहीच उगवले नाही. दोन दिवसांत काही दिसले नाही की बशा टाकून द्यायच्या, असा तिथला रिवाज होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही बशा तशाच राहून गेल्या आणि पाचव्या दिवशी त्यांत जिवाणूंच्या वसाहती दिसल्या. हा जिवाणू फक्त सावकाश वाढतो, इतकेच! पुढे त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले.

निकाल असा होता: लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असलेल्या १३ पैकी १३ रुग्णांत हा जिवाणू सापडला. तरी टीकाकार म्हणाले, व्रण झाल्यावर जिवाणू तिथे राहायला आला असेल. हा आक्षेप रास्त होता. म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःचे जठर निरोगी असल्याची तपासणी करून घेतली आणि मग जिवाणूंचे पेलाभर मिश्रण पिऊन टाकले. आठवड्याभरात मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, दहाव्या दिवशी जठराला सूज आणि त्यात जिवाणू दिसले. त्यांना व्रण झाला नव्हता, फक्त सूज आली होती. गोष्ट रंगवून सांगताना हा तपशील हमखास गळतो. पण क्रम सिद्ध झाला. आधी जिवाणू, मग आजार. त्यानंतर अनेक देशांत दिसून आले की प्रतिजैविकांनी जिवाणू काढून टाकला की व्रण पुन्हा पुन्हा होत नाही. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जिवाणूला जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणूनही नोंदवले. बहुतेक बाधितांना मात्र जन्मभर काहीही होत नाही, हेही विसरून चालणार नाही. जगातली निम्म्याच्या आसपास माणसे हा जिवाणू बाळगून असतात. सुमारे ५८,००० वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हाही तो त्याच्या पोटात होता, असे जिवाणूच्या जनुकांवरून २००७ मध्ये दाखवण्यात आले.

एवढा मोठा विजय मिळाल्यावर जे व्हायचे तेच झाले. अर्धशिशी, अंगावर पित्त उठणे, हृदयविकार अशा अनेक आजारांत हा जिवाणू शोधण्याची लाट आली. रक्तातल्या बिंबाणूंची संख्या घटण्याचा एक विकार आणि लोहाची कमतरता अशा थोड्या ठिकाणी संबंध टिकला, बाकी बऱ्याच ठिकाणी विरून गेला. मल्टिपल स्क्लेरॉसिसची पाळी येणारच होती. १९१७ सालची मनःस्थिती पुन्हा आली होती, एवढेच की या वेळी हाती तपासणीची चांगली साधने होती.

आणि साधनांनी अपेक्षेच्या उलट उत्तर दिले. २००७ साली जपानमधील एका गटाने रक्तातील प्रतिपिंडे मोजली. जंतू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध शरीर जी प्रथिने तयार करते ती प्रतिपिंडे. जंतू येऊन गेल्याची ती खूण असते. निरोगी माणसांत ही खूण ४२ टक्के लोकांत होती, तर मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या नेहमीच्या प्रकाराच्या रुग्णांत सुमारे २३ टक्क्यांत. परंतु जपानात या आजाराचा आणखी एक प्रकार मानला जाई, त्यात मुख्यतः डोळ्यांचे मज्जातंतू आणि मज्जारज्जू यांवर हल्ला होतो. त्या रुग्णांत खूण ५२ टक्के! हे दोन गट एकत्र मोजले असते तर एकाने दुसऱ्याला बरेचसे झाकून टाकले असते. गंमत अशी की या दुसऱ्या प्रकारातल्या पुष्कळ रुग्णांचा आजार वेगळाच आहे, हे नुकतेच उघड होऊ लागले होते. २००४ मध्ये त्याची स्वतःची प्रतिपिंडे सापडली आणि त्याचे नाव, निदान व उपचार आता स्वतंत्र आहेत. एखादा जंतू रोगाच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे ठरण्याआधी रोग एकच आहे ना, हे ठरावे लागते.

आता २०१५ चा पर्थचा निष्कर्ष पाहू. ५५० रुग्ण आणि तुलनेसाठी २९९ निरोगी माणसे. रुग्णांत खूण १६ टक्के, निरोगी माणसांत २१ टक्के. सगळे मिळून हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. स्त्रियांचे आकडे वेगळे काढल्यावर १४ आणि २२ टक्के असे अंतर पडले. पुरुषांत जवळपास काहीच फरक नव्हता. वर आणखी असे की जिवाणूची खूण असलेल्या स्त्रियांत आजाराने आलेले अपंगत्व कमी, तर तशा पुरुषांत जास्त दिसले.

वर्गातल्या फळ्यावर हे आकडे उलटे करून मांडावेत असे मी सुचवीन. मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेल्या १०० स्त्रियांपैकी ८६ जणींच्या पोटात जिवाणू नव्हता. ऐकायला मोठे वाटते. पण निरोगी १०० पैकी ७८ जणींच्या पोटातही तो नव्हताच. यावरून जिवाणू नसल्याने आजार झाला असे म्हणणारा माणूस त्या ७८ जणींचे काय करणार? १३ पैकी १३ या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की दोघांचा वकूब वेगळा आहे हे विद्यार्थ्यांना न सांगताही कळते.

मग हा फरक येतो कुठून? शक्यता बऱ्याच आहेत. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांना मूत्रमार्गाचे संसर्ग वारंवार होतात आणि त्यासाठी प्रतिजैविके घ्यावी लागतात. त्यातच पोटातला जिवाणू मरून गेला असेल. असे असेल तर आजारामुळे जिवाणू कमी झाला, जिवाणू कमी म्हणून आजार नव्हे. दुसरी शक्यता अशी की जिवाणू खरोखरच प्रतिकारयंत्रणेला आवर घालतो. जन्मभर पोटात राहायचे तर त्याला यजमानाची प्रतिकारशक्ती शांत ठेवावीच लागते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्येच उंदरांवर प्रयोग केला. उंदरांत मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा आजार कृत्रिमरीत्या निर्माण करता येतो. ज्या उंदरांना आधी हा जिवाणू दिला होता त्यांच्यात तो आजार सौम्य झाला. हा प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण इथे जिवाणू आधी आणि आजार नंतर हा क्रम माणसाने ठरवलेला होता. पण उंदरांतला तो आजार आपण टोचून आणलेला असतो, माणसातला तसा नसतो, ही अडचण उरतेच.

तिसरी शक्यता मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, आईकडून आणि भावंडांकडून येतो. दाटीवाटीचे घर, एका ताटात जेवणारी मुले, अपुरे पाणी, एकच शौचालय अशी परिस्थिती असली की तो हमखास शिरतो. म्हणजे रक्तातली त्याची खूण ही त्या माणसाचे बालपण कसे गेले याचा एक दाखला आहे! इस्राएलमध्ये लाइबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६६ सालीच लिहिले होते की बालपणी अधिक स्वच्छ घरांत वाढलेल्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस अधिक होतो. १९८९ मध्ये लंडनच्या डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १७,००० हून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी पाहून तसेच काहीसे ॲलर्जीच्या सर्दीबद्दल सांगितले: जितकी थोरली भावंडे जास्त, तितकी ती सर्दी कमी. या विचाराप्रमाणे जठरातला जिवाणू स्वतः काही करत नसेलही. मोहरमच्या मिरवणुकीतला पंजा जसा मागून येणाऱ्या गर्दीची खबर देतो, तसा तो त्याच घरातल्या इतर पन्नास संसर्गांची खबर देत असेल.

उत्तर ग्रीसमधून मात्र उलटा निकाल आला. तिथे रक्ताऐवजी जठराचे तुकडेच तपासले, आणि रुग्णांत जिवाणू अधिक आढळला. रुग्ण थोडे होते, शिवाय दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला जी माणसे येतात त्यांना पोटाची काही तक्रार असण्याचा संभव जास्त. पुढे सगळ्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडले गेले, त्यांत रुग्णांमध्ये जिवाणू कमी हीच बाजू वर राहिली, ती विशेषतः पाश्चात्त्य देशांत. इतर देशांतले चित्र धूसरच आहे.

याच सुमारास दुसऱ्या एका जंतूबद्दलची शंका पक्की होत होती. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांना कधी तरी होऊन गेलेला असतो. इतक्या सार्वत्रिक गोष्टीचा दोष सिद्ध कसा करायचा? अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांच्या रक्ताचे नमुने ठरावीक काळाने घेऊन साठवून ठेवलेले असतात. हार्वर्डच्या संशोधकांनी एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींतून मल्टिपल स्क्लेरॉसिस झालेले ९५५ जण शोधले. त्यांपैकी ८०१ जणांचे आजारापूर्वीचे पुरेसे नमुने होते. पहिल्या नमुन्याच्या वेळी ३५ जणांना हा विषाणू झालेला नव्हता. त्या ३५ पैकी एक सोडून सर्वांना तो मधल्या काळात झाला, आणि आजार त्यानंतर आला. विषाणू झाल्यावर आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो असा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा मज्जासंस्थेतल्या एका प्रथिनाशी इतका मिळताजुळता आहे की एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. प्येर मारी यांचे १८८४ चे अनुमान अशा रीतीने १३८ वर्षांनी बऱ्याच अंशी खरे ठरले, पण त्यांच्या पुराव्यामुळे नव्हे.

जठरातल्या जिवाणूला इथे एक जागा मिळू शकते. दाटीच्या घरांत एपस्टाइन-बार विषाणूही मुलांना अगदी लहानपणी, बिनबोभाट होऊन जातो. स्वच्छ, ऐसपैस घरांत तो लांबतो आणि कुमारवयात गाठी व तापाच्या रूपाने येतो. अशा उशिरा, जोरात आलेल्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा धोका अधिक असतो हे माहीत आहे. तेव्हा पोटात जिवाणू असणे म्हणजे तो विषाणू वेळेवर येऊन गेल्याची खूण, इतकाच अर्थ असू शकेल.

स्वच्छतेच्या या विचाराला आपल्या मुंबईत एक अवघड प्रश्न आहे. भारतात हा आजार फार विरळ मानला जाई, लाखात एकदोनच्या आसपास. परंतु मुंबईतल्या पारशी समाजात १९८८ च्या पाहणीत भरुचा आणि सहकाऱ्यांना लाखात २१, आणि १९९० मध्ये नोशीर वाडिया व भाटिया यांना लाखात २६ असे प्रमाण आढळले. हवा तीच, समुद्र तोच, अक्षांश तोच. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इराणातून आलेल्या आणि आपसांतच लग्ने करणाऱ्या या समाजाची जनुके वेगळी आहेत, म्हणून हा फरक, असे म्हणावे, तर हाच समाज शहरी, शिकलेला, लहान कुटुंबांचा आणि चांगल्या घरांत राहणाराही आहे. जनुके आणि बालपण इथे एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाला बाजूला काढून दुसऱ्याकडे पाहता येत नाही. त्या पाहण्या मेंदूच्या विकारांच्या होत्या. जठराकडे पाहायचे तेव्हा कोणाला कारण नव्हते. २०१४ मध्ये मंगळूरच्या पाहणीत लाखात ८ हून थोडे अधिक रुग्ण मिळाले. त्यात आजार वाढल्याचा भाग किती आणि एमआरआय यंत्रे व मेंदूतज्ज्ञ वाढल्याचा किती, हेही वेगळे काढणे सोपे नाही. जपानात तर जिवाणूचे प्रमाण दोन पिढ्यांत झपाट्याने घटले आणि त्याच काळात मल्टिपल स्क्लेरॉसिसचे रुग्ण वाढले. पण त्या काळात तिथे घरे, आहार, कुटुंबातील मुलांची संख्या असे जवळजवळ सगळेच बदलले.

हे वाचून कोणाच्या मनात येईल की पोटातला जिवाणू औषधाने काढावा की राहू द्यावा? अल्सर असेल, किंवा डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी सांगितले असेल, तर तो काढायचाच. तो मुद्दाम ठेवून मेंदूचे रक्षण होते असा कोणताही पुरावा नाही, आणि जठराच्या कर्करोगाचा पुरावा मात्र पक्का आहे.

पर्थच्या ५५० नमुन्यांत एक गोष्ट नव्हती आणि ती सैनिकांच्या नमुन्यांत होती. आजार होण्यापूर्वीची तारीख. मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्यावर घेतलेल्या रक्तात जिवाणू नसला, तर तो दहा वर्षांपूर्वी होता का, हे रक्त सांगत नाही. त्यासाठी मुलांचे रक्त शाळेच्या वयात घेऊन, साठवून, त्यांच्या चाळिशीपर्यंत वाट पाहावी लागेल.